विषय: सेटचा ट्रक – सीबी रेडिओ आहे का कोणाकडे? (तातडीचं)

प्रेषक: बाळदादा
मंडळी, नाटकाच्या सेटचा ट्रक शुक्रवारी पहाटे सॉल्ट लेकहून निघतोय. भाड्याचा 26 फुटी आहे, त्यात सीबी, म्हणजे ट्रकवाले रस्त्यावर एकमेकांशी बोलतात तो रेडिओ, नाही. माझा सीबी माझ्या रोजच्या ट्रकला पक्का बसवलाय, तो काढता येणार नाही. कोणाच्या गॅरेजात पडून असेल तर गुरुवारपर्यंत हवा. अँटेना चुंबकाच्या बुडाचा. हातात धरायचा सीबी देऊ नका, बंद केबिनमध्ये त्याचा काही उपयोग होत नाही.

प्रेषक: नाना
पार्किंगच्या स्वयंसेवकांचे वॉकीटॉकी माझ्याकडे चार्ज करून ठेवलेले आहेत. दोन घेऊन जा, एक ट्रकमध्ये आणि एक मागच्या व्हॅनमध्ये. वहीत सही करून न्यावेत. गेल्या पिकनिकला कोणी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्रेषक: बाळदादा
नाना, व्हॅनसाठी देतो सही. पण ते एफआरएस, म्हणजे घरगुती वापराचे छोटे रेडिओ आहेत, 462 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. सीबी 27 मेगाहर्ट्झवर. तुमच्या वॉकीटॉकीवरही 19 नंबरचं चॅनल आहे, पण ट्रकवाल्यांचं 19 ते नव्हे. तिथे मी ओरडत बसलो तरी ऐकणार फक्त व्हॅनमधले आपले नट.

प्रेषक: खजिनदार वहिनी
नवीन खरेदीला समितीची मंजुरी लागेल, आणि या आठवड्यात बैठक नाही. बाळ भावोजी, फोन आहे, नकाशाचं अ‍ॅप आहे, रस्त्यांची स्थिती सांगणारं वायोमिंगचं 511 आहे. एका दिवसाच्या प्रवासाला रेडिओ कशाला? आणि आता त्यावर बोलतं तरी कोण?

प्रेषक: बाळदादा
वहिनी, खरंय, पूर्वीइतकी गजबज राहिली नाही. कोरड्या दिवशी 19 वर तासभर चिटपाखरू नसतं. पण रस्ता तुंबला की सगळे बटण फिरवतात, आणि मला नेमका तेवढाच वेळ हवा असतो.

फोनवर मी ओळखीच्या माणसाला विचारू शकतो. माझ्या पुढे मैलभर चाललेल्या ट्रकवाल्याचा नंबर माझ्याकडे नसतो, आणि वारा तर त्याला आधी लागणार. वायोमिंगमधला रॉलिन्स ते लॅरमी, एल्क माउंटनचा पट्टा. बर्फ पडत नसतानाही जमिनीवरचा उडून समोरचं दिसेनासं होतं. मागे तिथेच अ‍ॅप हिरवी रेघ दाखवत होतं आणि 19 वर कोणीतरी माइल मार्कर (रस्त्याकडेच्या मैलाच्या पाटीचा नंबर) सांगून ओरडत होता की उजव्या लेनमध्ये ट्रेलर आडवा आहे. मी वेग कमी केला, तेच मागच्यांना सांगितलं. ते मागचं सांगणं जास्त महत्त्वाचं. तुम्ही थांबलात हे 80,000 पौंडांच्या गाडीला वेळेत कळलं नाही तर तुमचे हॅझर्ड लाइट काय कामाचे?

शिवाय व्यावसायिक चालकाला हातात फोन धरायला 2012 पासून फेडरल बंदी आहे. सीबीचा माइक त्या बंदीत येत नाही. लायसन्सही लागत नाही.

आणि आपला ट्रक हलका आहे. थर्मोकोल आणि प्लाय, बस्स. वारा सुटला की तिथे हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद करतात. अंगावर वजन असलेला ट्रक निघून जातो, आपण उलटतो.

प्रेषक: अप्पा
“थर्मोकोल आणि प्लाय, बस्स” हे वाचून वाईट वाटलं. वाड्याचे खांब सागवानी पॉलिशचे आहेत. चढवताना उताणे ठेवू नयेत, दोऱ्या मी स्वतः बांधणार. बाकी कोणी हात लावू नये.

प्रेषक: भाऊ
माझ्याकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स आहे आणि गाडीत चांगला 50 वॅटचा सेट आहे. सीबीला एएमवर जेमतेम 4 वॅट. तुम्हाला हवं तर माझाच सेट 27 वर उघडून देतो.

प्रेषक: बाळदादा
भाऊ, नको. सीबीवर बोलायला त्या कामासाठी प्रमाणित केलेलाच सेट लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. 4 वॅटमध्ये मोकळ्या रस्त्यावर दोन-चार मैल निघतात, मला तेवढेच हवेत. डोंगरापलीकडचं ऐकून मी काय करू?

प्रेषक: भाऊ
डोंगरापलीकडचं सोडा, सूर्यावर डाग वाढले की 27 वर हजार मैलांवरची माणसंही ऐकू येतात. आमच्या क्लबमध्ये यावर मी बोललो होतो. कोणाला हवं असेल तर स्लाइड पाठवतो.

प्रेषक: नाना
वॉकीटॉकी कोण नेणार ते अजून कळलं नाही.

प्रेषक: माई
आमच्या ह्यांचा जुना सीबी तळघरात सापडला. अँटेना गोल चुंबकाचा, वायर दिसायला धड आहे. सिगरेट लायटरमध्ये खुपसायचा प्लगही आहे. चालतो का ते माहीत नाही. लावून बघू का?

प्रेषक: बाळदादा
माई, लावा, पण अँटेना जोडल्याशिवाय माइकचं बटण दाबू नका, आतला ट्रान्झिस्टर जळतो. नुसतं ऐकून बघा. स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) पूर्ण मागे फिरवला की खरखर यायला हवी. ती आली तर अर्धं काम झालं. बुधवारी संध्याकाळी मी येतो.

उरलेली अडचण अँटेनाची. भाड्याच्या ट्रकला भोक पाडता येत नाही. मागच्या डब्याचं छत अ‍ॅल्युमिनियमचं, त्याला चुंबक धरत नाही. केबिनचं छत पोलादी असेल तर ठीक, फायबरचं निघालं तर वेगळा विचार करावा लागेल. शिवाय केबिनच्या मागे डब्याची उंच भिंत, त्यामुळे मागच्या बाजूला आवाज कमी जाणार. म्हणून व्हॅन ट्रकच्या मागे नको, पुढे असू दे. भाऊ, अँटेना सेटशी नीट जुळलाय का ते दाखवणारं तुमचं एसडब्ल्यूआर मीटर आणाल का? ट्रक ताब्यात आला की चॅनल 1 आणि 40 वर मोजू. 1 वर जास्त दाखवलं तर अँटेनाची काडी लांबवायची, 40 वर जास्त तर आखडायची.

प्रेषक: भाऊ
आणतो. पण मीटरला हात मीच लावणार.

प्रेषक: खजिनदार वहिनी
म्हणजे खरेदी नाही ना? मग माझी हरकत नाही. माई, वस्तू परत मिळाल्याची पोच मला मेल करा.

प्रेषक: अप्पा
व्हॅन पुढे गेली तर खांबांवर मागून लक्ष कोण ठेवणार?