संशोधन-सॉफ्टवेअरच्या कार्यशाळेत पाच मिनिटांची भाषणे: उपयोग की नुसता उपचार?

धागाकर्ता: संशोधनासाठी लागणारे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या कार्यशाळांत एक अख्खे सत्र पाच-पाच मिनिटांच्या भाषणांना देण्याची पद्धत मला पटत नाही. २००० साली कार्नेगी मेलन विद्यापीठात भरलेल्या पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या परिषदेपासून अशा छोट्या भाषणांचे ‘लाइटनिंग टॉक’ हे नाव प्रोग्रामरांमध्ये रुळले; तिथे एखादी युक्ती दाखवून खाली बसणे शोभत होते. संशोधन-सॉफ्टवेअरचे खरे प्रश्न मात्र वेगळे आहेत: मूळ लेखक पीएचडी संपवून गेल्यावर कोड कोण सांभाळणार, आणि तेच उत्तर दुसऱ्या यंत्रावर पुन्हा मिळेल का? पाच मिनिटांत यांतले काहीच मावत नाही. उरतो तो बोधचिन्हे आणि निधी देणाऱ्यांचे आभार यांचा रतीब.

प्रतिसाद १: असहमत. आपण भाषणाकडून शोधनिबंधाची अपेक्षा करत आहात. गेल्या कार्यशाळेत एका मुलीने एकच स्लाइड दाखवली: कंपायलरची (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्ती बदलताच तिच्या प्रोग्रामचे उत्तर तिसऱ्या दशांश स्थळी बदलले होते, आणि कारण तिला सापडत नव्हते. चहाच्या वेळी तिच्याभोवती चौघे जमले. बेरजेचा क्रम बदलला की फ्लोटिंग पॉइंटचे, म्हणजे संगणकातल्या दशांश संख्यांचे, पूर्णांकन बदलते, ही शंका त्यांच्यापैकीच एकाने काढली आणि तीच खरी निघाली. वीस मिनिटांच्या भाषणासाठी तिने नावच दिले नसते, कारण तिच्याकडे निष्कर्ष नव्हता. होती ती फक्त अडचण.

धागाकर्ता: उदाहरण मान्य, पण ते काम चहाच्या सुट्टीने केले. आयोजक भाषणे बारा ठेवतात, प्रत्येक वक्ता आपला लॅपटॉप जोडण्यात दोन मिनिटे घालवतो, आणि ती चोवीस मिनिटे नेमकी त्या सुट्टीतूनच कापली जातात.

प्रतिसाद २: हा दोष आयोजनाचा आहे, भाषणांचा नव्हे. सगळ्यांच्या स्लाइड आदल्या रात्री एका पीडीएफमध्ये जोडून एकाच यंत्रावर ठेवल्या की केबलचा खेळ संपतो. शिवाय घड्याळ खरोखर पाळावे: टोकियोत २००३ साली सुरू झालेल्या पेचाकुचा या भाषणपद्धतीत वीस स्लाइड प्रत्येकी वीस सेकंदांनी आपोआप सरकतात, त्यामुळे वक्त्याला सहा मिनिटे चाळीस सेकंदांपलीकडे जाताच येत नाही. (आमच्याकडे घंटा वाजवायला नेमलेल्या सद्गृहस्थांनी संकोचापायी ती एकदाही वाजवली नाही!)

धागाकर्ता: ठीक आहे; आठच भाषणे, एकच यंत्र, आणि लगेच पाऊण तासाची सुट्टी एवढे पाळले तर माझा विरोध मागे. आभाराच्या स्लाइडला मात्र बंदी हवी.

प्रतिसाद १: त्या बंदीला माझेही अनुमोदन.