वायफायवर थिन क्लायंट बूट होतात का?

जुनापीसी: मंडळी, एक आय5 चौथ्या जनरेशनचा डेस्कटॉप पडून होता, 16 जीबी रॅम आहे, त्याचाच घरी सर्व्हर करतोय. लॅमिंग्टन रोडवरून तीन सेकंडहँड एचपी टी620 थिन क्लायंट (सर्व्हरच्या जिवावर चालणारे छोटे डबे) उचलले, 4 जीबी रॅम, 16 जीबी फ्लॅश, एक बायकोच्या क्लासच्या हिशोबाला, एक पोरीला आणि एक बाबांना पेपर वाचायला. घर दुमजली, टाइल्स-रंग आत्ताच झालाय, केबलसाठी भिंत फोडतो म्हटलं तर मलाच बाहेर काढतील. डेबियन लिनक्सवर एलटीएसपी (डबे नेटवर्कवरून बूट करणारं सॉफ्टवेअर) टाकलं पण बायोसमध्ये नेटवर्क बूटला फक्त लॅन दिसतंय, वायफायचं नावच नाही. काय राहिलंय?

कोकणी_पेंग्विन: काही राहिलेलं नाही, ते तिथे नसतंच. पीएक्सईचा, म्हणजे नेटवर्कवरून बूट करायचा कोड लॅन कार्डच्या रॉममध्ये असतो, त्या वेळी वायफायचा ड्रायव्हर चढलेला नसतो आणि पासवर्ड टाकणार कुठे? आणि समजा जमवलंस तरी 2019 ला एलटीएसपी नव्याने लिहिलं तेव्हापासून प्रोग्राम क्लायंटच्याच प्रोसेसरवर चालतात, म्हणजे तुझा आय5 नुसता फाइली वाढत बसणार, आणि इमेज, म्हणजे डब्याची अख्खी सिस्टिम, सतत नेटवर्कवरून वाचली जाते त्यामुळे वायफाय गेलं की डबा जागेवर गोठला.

त्यापेक्षा डब्याच्या फ्लॅशवर छोटं डेबियन आणि रेमिना (सर्व्हरचा डेस्कटॉप डब्यावर दाखवणारं) टाक, सर्व्हरवर एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आणि एक्सआरडीपी (तो डेस्कटॉप नेटवर्कवरून पाठवणारं). वायफाय तुटलं तरी सेशन सर्व्हरवर जिवंत राहतं, परत जोडलं की अर्धवट टाइप केलेली ओळ तिथेच. फक्त सर्व्हर राउटरला केबलनेच लाव, नाहीतर प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते.

रात्रपाळी: जुना राउटर असेल तर त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची लिनक्स सिस्टिम) टाकून ब्रिज कर, म्हणजे राउटर वायफाय पकडेल आणि डब्याला केबलने देईल, डब्याला वाटेल ही लॅनच आहे, पीएक्सई चालतं.

कोकणी_पेंग्विन: चालतं, पण गोठायचं ते गोठणारच ना. आणि तीन डब्यांना तीन राउटर कोण सांभाळणार.

जुनापीसी: डेस्कटॉपवर आधीची विंडोज 10 प्रो आहे, तीच ठेवली तर? आणि यूट्यूब?

रात्रपाळी: प्रोवर एका वेळी एकच माणूस, दुसरा आला की पहिला बाहेर. शिवाय तिचा सपोर्ट ऑक्टोबर 2025 लाच संपला, डेबियनच ठेव. यूट्यूब रिमोटवर बघूच नको, 1080पीचं चित्र दाबल्याशिवाय सेकंदाला दीड गिगाबिटच्या आसपास जातं आणि एक्सआरडीपी ते कितीही दाबू दे, अडखळतंच, आवाजाला परत वेगळं मॉड्यूल बसवायचं. व्हिडिओ डब्यावरच्या फायरफॉक्समध्ये लाव. पोरगी आणि बाबा एकाच युजरने घुसवू नकोस, ब्राउझरचं प्रोफाइल लॉक होतं म्हणून भांडत बसतील. रॅम खातो तो ब्राउझरच, तिघांना 16 जीबी पुरेल, टॅबांचा उकिरडा केला नाही तर.

कोकणी_पेंग्विन: मराठी टायपिंगचं आयबस सर्व्हरवरच चालू कर, क्लायंटवर इंग्लिश ठेव. दोन्हीकडे मराठी लावलं की भलतीच अक्षरं उमटतात.

जुनापीसी: बरं. बाबांना अक्षर मोठं हवंय, ते डब्यावर करू की सर्व्हरवर?

कोकणी_पेंग्विन: सर्व्हरवर, त्यांच्या युजरमध्ये. एक्सएफसीईच्या अपिअरन्समध्ये फॉन्टच्या टॅबवर डीपीआय 96 चा 120 कर. रेमिनात चित्र ताणलंस तर अक्षरं धुरकट दिसतात.