प्रतिसाद : खाडीचं पाणी नुसतं तपासून भागणार नाही

समुद्र एवढा मोठा, सांडपाणी भरतीत विरून जातं, असं वर कुणीतरी म्हटलंय. ठाणे खाडीच्या बाबतीत मला हे अजिबात पटत नाही. ठाण्याच्या बाजूला ती उथळ आणि चिंचोळी होत जाते. ओहोटीने नेलेलं पाणी बरंचसं पुढच्या भरतीला परत आत येतं. मैलापाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस शैवालाला खतासारखा लागू पडतो. ते फोफावतं, मरतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतं.

जड धातूंचं दुखणं जास्त चिवट. शिसं, पारा, कॅडमियम कुजत नाहीत, बारीक गाळाला चिकटून तळाशी बसतात. त्यामुळे वरचं पाणी 'मर्यादेत' आलं म्हणून निर्धास्त कसं व्हायचं? खाडीतला काळा, कुजक्या अंड्यांसारखा वास मारणारा चिखल पाहिलाय ना? त्यातलं सल्फाइड धातूंना धरून ठेवतं. गाळ उपसला, हवा लागली, की हे धातू पुन्हा पाण्यात सुटू शकतात. आणि कालवं, तिसऱ्या ही शिंपली तर पाणी गाळूनच जगतात, म्हणजे हे धातू त्यांच्या अंगात साठणारच!

२०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, फ्लेमिंगो मोजले जातात. तसेच गाळातले आणि शिंपल्यांतले धातूही दरवर्षी मोजा, आणि ते आकडे कोळीवाड्यांत मराठीत लावा.