'टीकात्मक परीक्षण करा' म्हणजे नुसते दोष काढायचे का?

ताई, इकॉनॉमिक्सच्या पेपरात 'माल्थसच्या लोकसंख्या सिद्धांताचे टीकात्मक परीक्षण करा' असं आलं की मी सरळ दोषच लिहून मोकळा होतो, पण मैत्रीण म्हणते अर्धे मार्क तिथंच जातात. टीका म्हणजे दोष नाही तर मग काय जी?

— मैत्रीण बरोबर सांगून राहिली. रोजच्या बोलण्यात टीका म्हणजे नावं ठेवणं, वर्तमानपत्रात पण 'विरोधकांची सरकारवर टीका' असंच छापून येतं, म्हणून डोक्यात तेवढाच अर्थ बसतो. जुना अर्थ मात्र ग्रंथ उलगडून सांगणं असा आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी 'शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें' असं आहे, म्हणजे 1290 साल, आणि ज्ञानेश्वरांनी काही गीतेतले दोष काढले नाहीत ना, अर्थ उघडून दाखवला. (नागपुरात हिंदीमुळे लसीला पण टीका म्हणतात, तो भाग वेगळा.)

प्रश्नपत्रिकेतली टीका या दोन्ही अर्थांच्या मधली आहे, आधी नीट समजावून सांगायचं आणि मग तपासायचं. माल्थसचंच घे, हा इंग्रज अर्थतज्ज्ञ. 1798 मध्ये त्यानं मांडलं की लोकसंख्या 1, 2, 4, 8 अशी वाढते आणि अन्न 1, 2, 3, 4 असं, मग दुष्काळ, रोगराई हे लोकसंख्येला आवर घालतात, आणि 1803 च्या आवृत्तीत त्यानं नैतिक संयमाची, म्हणजे लग्न उशिरा करून मुलं कमी ठेवण्याची, भर घातली. हे लिहिल्याशिवाय पुढं जायचंच नाही. मग टिकतं काय ते सांग: जमीन मर्यादित आहे, तिच्यावर ताण येतो हे त्यानं ठासून सांगितलं, 1838 मध्ये डार्विननं त्याला वाचलं आणि जगण्याच्या झगड्याची कल्पना त्याला तिथून मिळाली. आणि मग टिकत नाही ते: श्रेणीचं गणित प्रत्यक्षात तसं दिसलं नाही, हरितक्रांतीनं धान्य वाढलं, बायका शिकल्या तशी मुलं कमी होत गेली, आपल्या देशात 2019-21 च्या पाहणीत एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी मुलं, 2.0 वर आला, लोकसंख्या स्थिर ठेवायला लागणाऱ्या 2.1 च्या पण खाली. शेवटी तुझं मत दोन ओळीत, कारणासकट. मला तर वाटतं हा शेवटचा भागच खरा, तिथं कळतं पोरानं विचार केलाय की गाईड पाठ केलंय.

— आणि 'चिकित्सक परीक्षण' आलं तर? चिकित्सक तर डॉक्टर असतो, जिल्हा शल्य चिकित्सक वगैरे.

— हो, शब्द तोच, पण अभ्यासात चिकित्सा म्हणजे बारकाईनं तपासून निर्णय घेणं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढली, 1919 ला काम सुरू झालं आणि 1966 ला पूर्ण, कितीतरी हस्तलिखितं एकमेकांशी ताडून कोणता पाठ जुना ते ठरवत गेले, त्यात महाभारताची निंदा कुठंच नाही. नागपुरात बर्डीच्या बाजारात साडी घेताना काठ-पदर उलटून पालटून, उजेडात धरून पाहणाऱ्या बाईला आपण चिकित्सक म्हणतो ना, तसंच, ती साडीला नावं ठेवायला आलेली नसते, घ्यायलाच आलेली असते. म्हणून 'टीकात्मक' येवो की 'चिकित्सक', उत्तराचा साचा एकच ठेव.

— मग 'समीक्षा'?

— ती जास्त करून मराठी साहित्याच्या पेपरात, कविता-कादंबरीची, तिथं पण गुण आणि मर्यादा दोन्ही यायला पाहिजे. 'चर्चा करा' मध्ये मात्र एका सिद्धांताला धरून बसू नको, वेगवेगळ्या विचारवंतांच्या बाजू समोरासमोर ठेव. आणि 'टिपा लिहा' ला मत नको, व्याख्या, दोन मुद्दे, एक उदाहरण, झालं. माल्थसचं उत्तर या पद्धतीनं एकदा लिहून पाह्य भाऊ, आणि मत लिहिताना घाबरू नको.