‘फोन कटी गया!’ – खान्देशातल्या रेंजचे अनुभव लिहा

परवा शहाद्याच्या मामांशी बोलताना दहा मिनिटांत चारदा फोन कटला. शेवटी मामाच वैतागले, “तू येऊनच जाय भो.” म्हणून हा धागा. काय करून पाहिलं, कशानं फरक पडला, तेवढं लिहा. कंपन्यांवरून भांडू नका, चांगली कंपनी दर गावाला बदलते.

माझ्यापासून सुरुवात. जळगावात स्लॅबचं दुमजली घर. फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’मधून सिमच्या स्टेटसमध्ये गेलं की डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा, आकडा दिसतो. काड्यांपेक्षा तो खरा. उणे ८५ च्या आसपास असला तर खुशाल बोला. उणे ११० च्या पुढे गेला की आवाज तुटणारच. माझ्या गच्चीवर उणे ८८, खाली हॉलमध्ये उणे ११३. म्हणजे टावर ठीक, अडवतंय घर. ब्रॉडबँड होतंच, वायफाय कॉलिंग (टावरऐवजी घरच्या वायफायवरून कॉल) चालू केलं आणि मिटलं.

रावेर, केळीवाला
तुमचा प्रश्न गप्पांचा, आमचा पाण्याचा. मोटारीला मोबाइल स्टार्टर बसवलाय. घरून फोन लावायचा, मोटार चालू. लाइटची पाळी रात्रीची आली आणि स्टार्टर ‘संपर्क क्षेत्राबाहेर’! थंडीत दोन किलोमीटर मोटारसायकल काढून मळ्यात. आधी वाटलं सिम खराब, म्हणून नवं घेतलं. ते तर लागलंच नाही. मग कळलं, माझा स्टार्टर टूजीवाला आणि नवं सिम नुसत्या फोरजीच्या कंपनीचं. दुकानदारानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जुनं सिम परत टाकलं. खरा घोळ अँटेनाचा होता: लोखंडी पेटीत, वायरींच्या मागे पडलेला. वायर ओढून तो खोलीच्या वर बांबूला बांधला. चारी बाजूंनी उभी केळी, तिच्यावरून वर गेला तेव्हा कुठे जमलं.

पाल
आमच्याकडे फोन उठसूट मध्य प्रदेशचा टावर पकडतो. बोलणं होतं, नेट बंद. डेटा रोमिंग चालू ठेवा किंवा नेटवर्क हातानं निवडा. मी तीन महिने फोनला शिव्या दिल्या.

भुसावळ
मे महिन्यात गाडीच्या टाकीवर फोन ठेवून फिरू नका. तापला की आधी रेंज टाकतो. सावलीत गार होऊ द्या. फ्रिजमध्ये मात्र नको, आत पाणी धरतं.

अमळनेरजवळचं खेडं
आईचं धाब्याचं घर, भिंती दीड हाताच्या. मुलानं नवीन फोन दिला तरी आई ओट्यावर येऊनच बोलायची. दिवाळीला गेले तेव्हा पाहिलं, व्होल्टीई, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करायची सोय, बंदच! कॉल लावला की फोन फोरजी सोडून खाली उतरायचा आणि त्यातच कटायचा. बटण चालू केलं. माजघरात अजूनही नाही लागत, पण स्वयंपाकघरात लागतो.

धडगाव, आशाताई
आमच्याकडे लाइट गेली की थोड्या वेळानं टावरही जातो, मग सेटिंग काय करणार? पाड्यांवर रेंजचे दगड ठरलेले आहेत, कोणत्या दगडावर कोणतं सिम हे पोरांनाही पाठ. एक लक्षात ठेवा: आपल्या सिमला रेंज नसली, पण दुसऱ्या कंपनीचा टावर पोहोचत असला, तर ११२ हा आणीबाणीचा नंबर लागू शकतो. शेजारपाड्यातल्या कुणाला माहीतच नव्हतं.

धुळे
गल्लीत एकानं रेंज वाढवायचा बूस्टर आणून लावला. त्याच्या घरात काड्या फुल्ल, आमचे फोन कटायला लागले. असे विनापरवाना बूस्टर बेकायदेशीर असतात, टावरलाच त्रास देतात. समजावलं, काढला बिचाऱ्यानं. मग सगळ्यांनी मिळून कंपनीच्या तक्रार नंबरवर, १९८ ला, तक्रार केली. तक्रारीचा नंबर लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी पहिल्यापासून रामायण.

नंदुरबार, पेन्शनर
धुळ्याच्या भाऊंनी नंबर लिहायचं म्हटलं म्हणून आठवलं. ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम काढला होता, १ जानेवारी २०१६ पासून कटलेल्या कॉलमागे १ रुपया भरपाई, दिवसाला जास्तीत जास्त तीन. मी लगेच वही केली: तारीख, वेळ, कोणाशी बोलत होतो. त्याच वर्षी मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं नियमच रद्द केला. एक रुपया मिळाला नाही. वही अजून आहे, आता त्यात सौ. दुधाचा हिशेब लिहितात.