घरच्या वाय-फायवर प्रत्येक उपकरणाच्या वेगाला मर्यादा कशी घालावी?

नमस्कार मंडळी,

लातूरला ट्यूशन एरियाजवळ आमचे घर असून वरच्या मजल्यावरील खोल्या नीटच्या तयारीसाठी आलेल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या आहेत. इंटरनेट भाड्यातच धरले असल्यामुळे पासवर्ड बदलून मुलांना बाहेर ठेवणे मला रास्त वाटत नाही. जोडणी 40 एमबीपीएसची आहे. मात्र रात्री मुले क्लासहून परतली आणि रेकॉर्ड केलेली लेक्चर्स डाउनलोड करू लागली की खाली माझ्या मुलीची ऑफिसची मीटिंग अडखळू लागते. पिंग (संदेश जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा वेळ) एरवी 10 मिलिसेकंदांच्या आसपास असतो, तो त्या वेळी 300 च्या वर जातो.

जोडणीसोबत मिळालेल्या ओएनटीमध्ये (फायबरची केबल ज्याला जोडतात त्या डब्यामध्ये) एखादे उपकरण पूर्ण बंद करता येते, पण त्याचा वेग कमी करण्याची सोय नाही. जोडणीवाल्याला विचारावे तर त्याचे उत्तर ठरलेले: मोठा प्लॅन घ्या. तोही मुले सहज संपवतील, असे मला वाटते. शिवाय एकाच मुलाचा फोन यादीत वेगवेगळ्या मॅक पत्त्यांनी (नेटवर्कवरील ओळखक्रमांकांनी) दिसतो, तेव्हा मर्यादा घालावी तरी कोणावर? वेगळा राउटर घ्यावा का, आणि प्रत्येकाला ठरावीक वेग द्यावा की आणखी काही मार्ग आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

काका, वेगळा राउटर लागेलच. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून (घरातील उपकरणांसाठीच्या) नव्या राउटरच्या वॅन पोर्टला (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटसाठीच्या) केबल जोडा आणि ओएनटीचे वाय-फाय बंद करा, नाहीतर मुले जुन्याच नेटवर्कवर राहतील आणि तुमची मर्यादा नुसती कागदावर राहील.

बऱ्याच राउटरमध्ये ‘बँडविड्थ कंट्रोल’ असते, त्यातून प्रत्येकाला, समजा, 5 एमबीपीएस देता येतात. परंतु मग दुपारी घर रिकामे असतानाही एकट्या मुलाला तेवढेच मिळतात, जे मला पटत नाही. शिवाय अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन खऱ्याऐवजी बनावट मॅक पत्ता देतात, म्हणून ती मर्यादा टिकवायची तर प्रत्येकाच्या फोनमध्ये या नेटवर्कपुरती ती सोय बंद करून घ्यावी लागेल.

पिंग इतका चढतो याचा अर्थ डेटाच्या पाकिटांची, म्हणजे तुकड्यांची, रांग साचते आहे. त्यामुळे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त प्रणाली) चालणारा राउटर घेऊन त्यात एसक्यूएम (ही रांग आटोक्यात ठेवणारी सोय) बसवावे आणि ‘केक’ ही पद्धत निवडावी. वेग प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या 90 टक्क्यांवर, म्हणजे तुमच्याकडे 36 वर, डाउनलोड आणि अपलोड दोन्हींसाठी ठेवावा, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न लागता तुमच्या राउटरमध्ये लागते आणि तिथे तिची वाटणी होते. अपलोड विसरू नका, कारण फोटोंचा बॅकअप घेणारा एखादा फोनही मीटिंग बिघडवतो. प्रगत पर्यायांत ‘नॅट’ (घरातील प्रत्येक उपकरण वेगळे ओळखण्याचा पर्याय) चालू केल्यास गर्दीच्या वेळी उपकरणांत सारखी वाटणी होते आणि गर्दी नसेल तेव्हा कोणालाही पूर्ण वेग मिळतो. मग मॅक पत्त्यांची यादी सांभाळण्याची गरजच उरत नाही. ज्याच्याकडे फोन आणि लॅपटॉप दोन्ही आहेत त्याला दोन वाटे मिळतील, एवढे मात्र चालवून घ्यावे लागेल.

मुलीचा लॅपटॉप शक्य असेल तर केबलनेच जोडा. राउटर विकत घेण्याआधी त्याचे मॉडेल, आवृत्तीच्या क्रमांकासह, ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे ना, हे पाहून घ्या.