कळलावी दुसऱ्या वर्षी का उगवत नाही

'कळलावीचा वेल पहिल्या वर्षी फुलला, नंतर कंदच कुजला' अशी एकाची तक्रार आहे. त्यात मातीचा दोष वाटत नाही. पाणी चालू राहिलं असणार. ऑक्टोबर-नोव्हेंबरात वेल पिवळा पडला की पाणी पूर्ण बंद करायचं आणि कुंडी मे अखेरपर्यंत कोरडी, पावसाआड ठेवायची. वर काही दिसत नाही म्हणून लोक 'थोडंसं' पाणी घालत राहतात, तिथेच घात होतो.

दुसरं, कंद हाताळताना टोकं जपा. नांगराच्या फाळासारखा दोन फाट्यांचा कंद असतो, कोंब फक्त त्या टोकांना येतो. टोक मोडलं तर तो फाटा गेलाच. बारा इंची कुंडीत, निम्मी माती आणि निम्म्यात वाळू-पालापाचोळ्याचं खत, कंद आडवा, दोन-अडीच इंच खोल. आधाराला जाड बांबू नको. पानाचं टोकच वळून धरतं, त्याला तार किंवा तुरीच्या काटक्याच लागतात. बियांपासून फूल यायला दोन-तीन वर्षं तरी जातात, पण रानातला कंद उपटून आणण्यापेक्षा ते बरं. आणि हातमोजे घालाच, कंदात कोल्चिसिन हे विष असतं. रताळं समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत.